पाच मिनिटांत एकसष्ट नावं

मोरेश्वर वाळिंबे यांना जगात एकाच गोष्टीची मनापासून चीड होती: लांबलेल्या कार्यक्रमाची. सांगलीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत आल्यापासून मराठी मंडळात वावरलेल्या माणसाने नेमकी हीच चीड बाळगावी, म्हणजे हलवायाला गोडाची शिसारी असण्यापैकीच होतं. पण मोरेश्वररावांनी ती बाळगली, जोपासली आणि तिच्यापायी एक घंटा विकत घेतली. पितळेची, मुठीत मावणारी, तुळशीबागेतली. वक्ता ठरल्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त बोलला की ती वाजायची. एका पाहुण्या कवीची कविता त्यांनी शेवटच्या ओळीआधीच घंटेने संपवली होती, आणि खरं सांगायचं तर कवितेचं त्यात काही नुकसान झालं नव्हतं.

१९८३ साली संख्याशास्त्र शिकायला म्हणून ते नॉर्थ कॅरोलिनात उतरले आणि तिथेच मुरले. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषध कंपनीत त्यांची नोकरी. नव्या गोळीने किती रोगी बरे झाले आणि किती नाहीत, याचे आकडे जुळवायचे. रोग्यांची नावं त्यांच्यापर्यंत येत नसत, यायचे ते फक्त क्रमांक. नियमच तसा होता आणि मोरेश्वररावांना तो फार सोयीचा वाटे. त्यांचं स्वतःचं नावही ऑफिसात कुणाला पेललं नाही, म्हणून तिथे ते 'मो' होते.

राहायला जवळच्या कॅरी गावात, हॅविलंड प्लँटेशन नावाच्या वसाहतीत. तोंडाशी दगडी पाटी, पाटीमागे तळं, तळ्यात कारंजं आणि काठावर 'बदकांना खायला घालू नये' असा फलक. प्लँटेशन म्हणजे चहाचा मळा-बिळा असणार, अशी मोरेश्वररावांची समजूत. सांगलीच्या भावाला त्यांनी फोनवर सांगितलंही होतं, "मळ्यात घर घेतलंय." भाऊ भारावून गेला होता. पंधरा वर्षं त्या पाटीवरून गाडी नेली, पण मळा कुणाचा आणि त्यात राबलं कोण, हा प्रश्न त्या डॉक्टरेटवाल्या डोक्याला एकदाही शिवला नाही. बदकांचा नियम मात्र तोंडपाठ होता.

मंडळात त्यांच्याकडे वेळापत्रक आणि जेवण अशी दोन खाती. मराठी कार्यक्रम आभारप्रदर्शनाने संपतो आणि मराठी श्रोता आभारप्रदर्शन सुरू होताच ताटाकडे पळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोरेश्वररावांनी यावर नामी तोड काढली होती. जेवण मांडून झालं की सगळे डाव, पळ्या आणि चिमटे गोळा करायचे आणि आभार संपेपर्यंत गाडीच्या डिकीत कोंडायचे. समोर श्रीखंड, पण वाढायला काही नाही! लोक दातओठ खात खुर्च्यांवर परत यायचे आणि पेपर नॅपकिन आणणाऱ्याचेसुद्धा आभार मुकाट ऐकून घ्यायचे.

आणि या आभारानेच २००३ च्या गणपतीत घात केला. मखर मोरेश्वररावांनी केलं होतं. तीन आठवडे गॅरेजमध्ये थर्माकोल कोरत होते. गाडी बाहेर उन्हात आणि बायको त्याहून तापलेली. आभाराच्या वेळी दुसऱ्या रांगेत बसून 'छे, माझं कसलं कौतुक' असा भाव त्यांनी चेहऱ्यावर आधीच चढवून ठेवला होता. अध्यक्ष पुरुषोत्तम सबनीसांनी त्रेचाळीस नावं वाचली. मखरवाल्याचं निघालं नाही. चढवलेला भाव आता उतरवायचा कसा, ते मोरेश्वररावांना कळेना. तो चेहऱ्यावर तसाच वाळून गेला.

दुसऱ्या दिवशी चार पानी ईमेल गेली, सगळ्या मंडळाला. राजीनामाही त्यातच. सबनीसांचं उत्तर एका ओळीचं होतं: "अनवधानाने राहिलं, मोरेश्वर. एका नावाचं एवढं काय!" ते 'एवढं काय' मोरेश्वररावांनी पुढची तीन वर्षं छातीशी धरून ठेवलं. शनिवार-रविवार मोकळे पडले. मग घरात घंटा वाजू लागली. पंधरा वर्षांची मुलगी हिमानी फोनवर जास्त बोलली की घंटा, सुवर्णाबाईंचा चहा उशिरा आला की घंटा. "अहो, कुठेतरी जा," सुवर्णाबाई शेवटी म्हणाल्या. "कुठेही जा, पण ती घंटा घेऊन जा."

जायला जागा मिळाली ती शेजारच्या क्युबिकलमधून. तिथे रेजिनाल्ड बसायचा. थोराड, हसरा, कृष्णवर्णीय गृहस्थ; कॅरीबाहेरच्या एका जुन्या लाकडी चर्चचा कारभार बघायचा. २००६ च्या एप्रिलमध्ये एकदा डबा खाताना त्याने सांगितलं की जूनमध्ये त्यांच्या चर्चमागे जूनटीन्थ साजरा होतो. गुलामी संपल्याचं सरकारने कागदावर जाहीर केलं, त्याला अडीच वर्षं उलटून गेल्यावर १८६५ च्या एकोणीस जूनला ती बातमी टेक्सासातल्या गुलामांच्या कानावर पडली. त्या दिवसाचा हा उत्सव.

"अडीच वर्षं डिले?" मोरेश्वरराव म्हणाले. "कुणी फॉलोअप केलाच नाही?"

रेजिनाल्डने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "नाही, मो. ज्यांनी करायला हवा होता त्यांना घाई नव्हती."

गेल्या वर्षीचा कार्यक्रम पाच तास चालला, हे त्याने ओघात सांगितलं आणि मोरेश्वररावांचे डोळे चमकले. पाच तास! वेळापत्रक कुणी केलं होतं? "वेळापत्रक?" रेजिनाल्डने विचारलं. बस्स. मोरेश्वररावांना आपलं अवतारकार्य सापडलं.

समितीची सभा चर्चच्या तळघरात झाली. दहा मिनिटं प्रार्थना, वीस मिनिटं चर्चमधल्या वयोवृद्ध मिस ओडेसांच्या कंबरेच्या ऑपरेशनची चौकशी, मग पीचची खीर-पोळीच्या मधली काहीतरी गोड वस्तू, ती मात्र मोरेश्वररावांनी दोनदा घेतली. कामाचं म्हणाल तर गेल्या वर्षीचा एक हाताने लिहिलेला कागद पुढे आला. प्रार्थना, गाणी, मुलांची नाटुकली, पास्टरांचं भाषण. आणि सगळ्यांच्या मध्यभागी, वेळ-बिळ काही न घालता, एक ओळ: 'नावं, मिस ओडेसा.'

मोरेश्वररावांनी ती ओळ वाचली आणि जाणत्या माणसासारखी मान हलवली. नावं. म्हणजे आभार. तंबू कुणी दिला, खुर्च्या कुणी मांडल्या. आणि हे लोक ती मधेच वाचतात! म्हणूनच पाच तास. त्यांनी घरी जाऊन सात पानी रंगीत एक्सेल केलं आणि ती ओळ उचलून शेवटी टाकली, जेवण सुरू झाल्यावर. वेळ, पाच मिनिटं. हिरव्या रंगात, कारण हिरवं म्हणजे वाटल्यास गाळता येईल असं. समितीने सात पानं हातात तोलून पाहिली, "सुंदर काम, ब्रदर मो," म्हणाली आणि न वाचता मंजूर केली. म्हणजे या बाबतीत तरी ती समिती आणि आपली मंडळं यांत तसूभर फरक नव्हता.

ती नावं आभाराची नव्हती, हे आपण इथेच सांगून टाकू. मोरेश्वररावांना मात्र ते कळायला अजून वेळ होता. हॅविलंड नावाच्या मालकाच्या मळ्यावर जी माणसं गुलाम म्हणून राबली, त्यांतल्या एकसष्ट जणांची ती नावं होती. मिस ओडेसांच्या आजीने ती लहानग्या ओडेसाकडून पाठ करून घेतली होती. लिहून ठेवायची नाहीत, आजी म्हणायची. कागद जळतो, हरवतो, आणि कागदावर त्यांचं नाव मालकाने घातलेलं असतं. तोंडात ठेव आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर बाहेर काढ. रीत अशी की एक नाव घ्यायचं आणि त्या घराण्यातलं कुणीतरी 'हिअर' म्हणून ओ देईपर्यंत थांबायचं. ओ आल्याशिवाय पुढचं नाव नाही. मिस ओडेसा आता सत्त्याऐंशीच्या होत्या. मे महिन्यात ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी जूनमध्ये घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं, आणि बाईंनी ठणकावलं होतं की पुढचा जून कुणी पाहिलाय, यंदाची नावं मी घेणारच.

सतरा जूनचा शनिवार उजाडला. ओकच्या झाडांखाली दीडशे खुर्च्या, लाल सरबत, लाल केक आणि चर्चमागच्या भट्टीवर रेजिनाल्ड, पहाटेपासून मांस भाजत. मोरेश्वरराव कडक इस्त्रीच्या कुडत्यात, एका हातात एक्सेल, दुसऱ्या हातात घंटा. सुवर्णाबाई आणि हिमानी तिसऱ्या रांगेत.

"बाबा, प्लीज डोन्ट रिंग दॅट थिंग," हिमानी म्हणाली.

बाबांनी वाजवली. पहिल्यांदा वाजवली ती पास्टरांच्या भाषणात. लोकांना वाटलं ही भाषणाला दाद आहे, सगळे "आमेन!" म्हणाले आणि पास्टरांना आणखी चेव चढला. मोरेश्वररावांनी परत वाजवली. परत आमेन. तिसऱ्या घंटेला एक आजीबाई उभ्या राहून नाचायला लागल्या. पण नाटुकल्यातली दोन पात्रं गाळून आणि एक गाणं अर्ध्यावर आणून त्यांनी सगळं भरून काढलं आणि दीडच्या ठोक्याला माइक हातात घेतला.

"लंच इज ओपन," ते म्हणाले. "आणि तुमचं चालू द्या, तोवर मिस ओडेसा नावं वाचतील."

पहिलं वाक्य ऐकायला दीडशे माणसं होती. दुसऱ्या वाक्याला निम्मी उठली होती, आणि खुर्च्यांचा जो काही आवाज झाला त्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. नावं चालू असताना कुणी जेवण उघडं ठेवेल, हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. बिचाऱ्यांना वाटलं, यंदा आधी जेवण, मग नावं. रेजिनाल्ड तर भट्टीवर होता.

मिस ओडेसा उठल्या. मिस म्हणजे बिनलग्नाच्या नव्हेत. चार मुलं, अकरा नातवंडं होती. त्या मुलखात वडीलधाऱ्या बाईला मिस म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. पांढरी हॅट, पांढरे हातमोजे. वॉकर टेकत माइकपर्यंत यायला त्यांना चार मिनिटं लागली. म्हणजे मोरेश्वररावांच्या पाचांतलं उरलं एक. त्यांनी मान वर करून पाहिलं. समोर रिकाम्या खुर्च्या, आणि तिसऱ्या रांगेत एक साडीतली बाई आणि तिची मुलगी.

"एब्रम," मिस ओडेसा म्हणाल्या आणि थांबल्या.

पलीकडून झाकणांचा आवाज आला. मोरेश्वररावांनी घड्याळ पाहिलं. बाई विसरल्या, त्यांच्या मनात आलं, वय झालंय. ते पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "नेक्स्ट वन, मॅम?"

"अजून त्याला कुणी ओ दिलेली नाही, बाळा."

"ते जेवत असतील. आपण सगळ्यांना एकदमच थँक यू म्हणून टाकू."

"थँक यू?" बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढला नाही. "एब्रमला कुणी कधी थँक यू म्हणालं नाही. हॅविलंडांच्या मळ्यावर गुलाम होता. सहाव्या वर्षी आईपासून तोडून आणलेला. मेल्यावर दगडसुद्धा लावला नाही. वर्षातून एकदा आम्ही त्याला हाक मारतो आणि त्याची माणसं ओ देतात, एवढंच त्याला मिळतं. तेही तू आज जेवणात घातलंस."

मोरेश्वरराव जागच्या जागी उभे राहिले. हातातली एक्सेलची पानं, हिरव्या रंगातली ती ओळ. गाळता येण्याजोगी. आणि का कोण जाणे, त्यांना आठवली ती २००३ मधली दुसरी रांग, तो चढवलेला चेहरा आणि सबनीसांचं 'एका नावाचं एवढं काय'. त्या एका नावासाठी त्यांनी तीन वर्षं गणपतीचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि इथे त्यांनी एकसष्ट माणसांना स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं, रंगीत प्रिंट काढून. त्यांना भयंकर लाज वाटली. इतकी की घंटा कुठे ठेवावी हेसुद्धा त्यांना सुचेना; शेवटी त्यांनी ती हिमानीच्या मांडीवर ठेवली.

मग मात्र मंडळातली वीस वर्षं कामाला आली. मोरेश्वरराव तडक जेवणाच्या टेबलाशी गेले आणि एका टोकापासून सुरुवात केली. बीन्समधली पळी काढली. कोबीच्या सॅलडमधला चमचा काढला. केकची सुरी घेतली. मांसाचा मोठा चिमटा एका सहा फुटी डीकनच्या, म्हणजे चर्चच्या सेवेकऱ्याच्या, हातात होता. मोरेश्वररावांनी, जन्मात मांसाला बोट न लावलेल्या माणसाने, तो तेलकट चिमटा त्याच्या मुठीतून ओढून घेतला. मग सगळं कुडत्याशी कवटाळून ते खुर्च्यांकडे निघाले. दीडशे माणसं रिकाम्या प्लेटा घेऊन अवाक् झाली, मग भडकली, मग त्यांच्या मागे आली. तेवढंच हवं होतं. रेजिनाल्ड धावत आला आणि ओरडला, "मो, काय चाललंय?"

"आधी नावं," मोरेश्वरराव म्हणाले. "माझी चूक झाली, रेजिनाल्ड. मोठी चूक झाली. सगळ्यांना बसव."

रेजिनाल्डने माइकशी उभ्या असलेल्या मिस ओडेसांकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्याने टोपी काढली. लोक बसले.

"एब्रम," मिस ओडेसा पुन्हा म्हणाल्या.

"हिअर!" सहा फुटी डीकन आणि त्याचं अख्खं खानदान उभं राहिलं.

"फेरिबी." "हिअर!" "पेशन्स." "हिअर!" एकेका नावाला एकेक रांग उठत होती, कुठे म्हातारा, कुठे कडेवरचं मूल. मधूनमधून बाई एखादं वाक्य सांगत. टेंपी दाई होती, मालकाची मुलंही तिच्याच हातावर जन्मली. हार्डी दोनदा पळाला, दोनदा पकडून आणला, तिसऱ्यांदा नाही. तिथे लोक टाळ्या वाजवत. मोरेश्वरराव बाजूला पळ्या धरून उभे होते. सॅलडचं मेयोनेज कुडत्यावरून ओघळत होतं. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. खरं तर पाहता येत नव्हतं, हात भरलेले होते. पण मोकळे असते तरी पाहिलं नसतं, एवढं श्रेय आपण त्यांना देऊ.

साठ नावं झाली. "आयसम," मिस ओडेसा म्हणाल्या.

कुणी उठलं नाही.

"याचं इथे कुणी उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे केव्हाच शिकागोकडे निघून गेले. हॅविलंडांचं तळं यानं खणलं. माझी आजी म्हणायची, त्या तळ्याकाठी जो राहील त्यानं ओ दिली तरी चालेल. पण तिकडे आता मोठी मोठी घरं झालीत. तिथून कधी कुणी आलेलं नाही."

त्या थांबल्या.

"बाबा," हिमानी कुजबुजली. "दॅट्स अवर पाँड."

सुवर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मोरेश्वररावांचं तोंड उघडलं. उभ्या हयातीत ज्याने कुणाला एक मिनिट जास्त बोलू दिलं नाही, त्या माणसाच्या तोंडून एक शब्द फुटेना. एवढ्या लोकांत, हातात त्यांच्याच पळ्या घेऊन, कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यांनी चिमट्याकडे पाहिलं. मिस ओडेसा बराच वेळ थांबल्या. मग, दर वर्षी म्हणत असाव्यात तशा, स्वतःच म्हणाल्या, "ही इज हिअर," आणि खाली बसल्या.

मग जेवण झालं. पळ्या परत मिळाल्यावर लोकांनी मोरेश्वररावांना माफ केलं, डीकनने तर त्यांच्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा उडाला. शेवटी रेजिनाल्डने आभार मानले, खरेखुरे आभार, तंबूवाल्यापासून सरबतवालीपर्यंत. त्यात ब्रदर मो राहिले.

गाडीत बसल्यावर सुवर्णाबाई जरा भीतभीतच म्हणाल्या, "अहो, तुमचं नाव राहिलं."

"हो का?" मोरेश्वरराव म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

सुवर्णाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

हॅविलंड प्लँटेशनच्या दगडी पाटीशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवली. कडेला घेऊन नव्हे, तिथेच, मधोमध. कारंजं उडत होतं. बदकं नियमाप्रमाणे उपाशी होती. मोरेश्वरराव काच खाली करून तळ्याकडे पाहत राहिले. एवढं मोठं तळं, माणसाने हाताने खणलेलं, आणि ते रोज त्याच्या काठाने ऑफिसला गेले होते. मागे एक गाडी येऊन उभी राहिली आणि तिने हॉर्न दिला.

हिमानीने कानांतले हेडफोन काढले.  मग पुढे वाकून, मिस ओडेसा घेत तसंच, स्वच्छ नाव घेतलं.

"आयसम."

मोरेश्वररावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हिअर," ते म्हणाले. आवाज फारच बारीक आला, म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि परत एकदा, तळ्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हटलं, "हिअर!"

मागच्याने पुन्हा हॉर्न वाजवला. मोरेश्वररावांनी घाई केली नाही.